बिरुदाला वारस हजार, तळ्याला एक नाही

राष्ट्रकूट आमच्या लातूरचे, हे आपण जयंती-उत्सवात घसा फोडून सांगतो. ते राजे मान्यखेटच्या सिंहासनावर बसूनही लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवून घेत. ९७३ साली तैलपाने त्यांचे साम्राज्य बुडवले, तरी बिरुद बुडाले नाही. तिकडे बेळगावजवळच्या सौंदत्तीचे रट्ट सामंतही पुढे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ ही पदवी मिरवत राहिले. लातूरची तहान, लातूरचा कर, लातूरचा दुष्काळ यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. राज्य गेले तरी बिरुद न सोडण्याची ही हौस आपल्याच मातीतली, असेही समजू नये. फ्रान्सच्या राजाने १२०४ साली नॉर्मंडीची सरदारकी हिसकावून घेतली, तरी इंग्लंडचे राजे १२५९ पर्यंत ‘नॉर्मंडीचे ड्यूक’ म्हणवतच राहिले.

राजांचे ठीक आहे, पण प्रजेने हाच रोग का लावून घ्यावा? आज ज्याला त्याला राष्ट्रकूट आपल्याच कुळातले वाटतात. त्या घराण्याने कानडीला राजाश्रय दिला, अमोघवर्षाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ घडला, हे सांगितले की मात्र सभेत चुळबुळ सुरू होते. वारसा हवा, पण आपल्या सोयीपुरता कापून!

या अभिमानाला दातही आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि ‘मराठवाड्याची अस्मिता’ म्हणत नांदेड जिल्ह्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडले. ज्या प्रदेशाच्या नावासाठी शेजाऱ्याचे घर जाळले, त्याच प्रदेशाच्या पाण्यासाठी यांच्यातले किती जण रस्त्यावर उतरले?

कंधारला जाऊन पाहा. किल्ला सगळे पाहतात, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीच्या अवशेषांपाशी फोटो काढतात. पण राष्ट्रकूटकाळाची खरी मिरास म्हणजे तिथला जगत्तुंग समुद्र, नावाने समुद्र असलेले तळे. पाऊस बेभरवशाचा आहे हे ओळखून पाणी अडवणारे ते राज्य होते. आपण काय केले? गावोगावच्या बारवांत कचरा टाकला, जमिनीच्या पोटात शेकडो फूट बोअर मारले आणि पाऊसमानाला न पेलणारा ऊस लावला. ऊस लावणारा साधा शेतकरी यात एकटा दोषी नाही. हमीचा भाव आणि हमीचे गिऱ्हाईक त्याला फक्त उसातच दिसले. तशी व्यवस्था उभारणारे, कारखान्यांच्या गाळपावर राजकारण पोसणारे आणि त्यांच्या गळ्यात हार घालणारे आपण सगळे तिचे भागीदार आहोत.

मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. घागर घेऊन उभ्या बाईला पोलीस हटकू लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. स्टेशनावर फुले-माळा घेऊन स्वागताला माणसे होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले, आणि पाणी दिसताच शिवारात पुन्हा उसाच्या लागणी सुरू झाल्या.