एक शब्द, अनेक वेष

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात सापेक्षता सिद्धांताची तोंडओळख करून देताना मी सहज बोलून गेलो, "आईन्स्टाइनने भौतिकीचा पॅराडाइमच बदलून टाकला." तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. "सर, पॅराडाइम बदलला म्हणजे जुने सारे खोटे ठरले ना? मग न्यूटनच्या नियमांवरची उदाहरणे आम्ही कशाला सोडवायची? आणि उद्या आईन्स्टाइनही खोटा ठरणार असेल, तर विज्ञानावर विश्वास तरी का ठेवायचा?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी जाताना मात्र मनाला चुटपुट लागून राहिली. एक वजनदार शब्द अर्थ न सांगता मी वर्गात भिरकावला होता आणि तिने त्याचा स्वतःला सुचेल तो अर्थ लावला होता. चूक माझीच होती. म्हणून विद्यार्थी मित्रहो, आज या शब्दाची थोडी झडती घेऊ.

शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ नमुना, शेजारी ठेवून दाखवलेले उदाहरण. युरोपात तो प्रथम रुळला व्याकरणात. तुमच्यापैकी ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांना हा पॅराडाइम तोंडपाठ आहे, फक्त त्याचे हे नाव ठाऊक नाही! 'देवः देवौ देवाः' ही रूपे एकदा घोकली, की मेघ, गज, जनक हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ते 'देव'सारखे चालतात. 'देव' शब्दाची रूपावली हा व्याकरणातला पॅराडाइम.

भाषाशास्त्रात अर्थ थोडा सरकला. 'मी चहा पितो' या वाक्यात चहाच्या जागी दूध, पाणी, ताक असे शब्द बसू शकतात. एकाच जागेवर हक्क सांगणाऱ्या शब्दांचे हे जे परस्पर नाते, त्याला पॅराडाइमवरून नाव मिळाले. पुढे संगणकशास्त्रातही शब्द आला. रॉबर्ट फ्लॉइड यांनी 1978 साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणाचा विषयच आज्ञावली रचण्याचे पॅराडाइम हा होता. तिथे त्याचा अर्थ आज्ञावली रचण्याची पद्धत, विचारांची घडण.

परंतु या शब्दाला खरी प्रसिद्धी मिळाली ती 1962 साली. थॉमस कून हे मूळचे भौतिकीचे अभ्यासक. पुढे ते विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले आणि वैज्ञानिक क्रांतींच्या रचनेवर त्यांनी एक पुस्तक लिहिले. वैज्ञानिक एरवी एका मान्य चौकटीत राहून कोडी सोडवतात. न सुटणाऱ्या कोड्यांचा साठा फार वाढला, की चौकटच बदलते. या चौकटीला कून यांनी पॅराडाइम म्हटले. पण अडचण अशी, की पुस्तकात हा शब्द ते कधी एका अर्थाने वापरत, तर कधी दुसऱ्या. केंब्रिजच्या मार्गारेट मास्टरमन या पुस्तकाच्या चाहत्या. त्यांनी नेटाने मोजदाद केली आणि एकाच पुस्तकात या शब्दाचे किमान 21 अर्थ आढळतात असे दाखवून दिले!

कून यांनी ही टीका मनावर घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1970 च्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी पुरवणी जोडली आणि मुख्य अर्थ दोनच असल्याचे स्पष्ट केले. पहिला व्यापक अर्थ: वैज्ञानिकांच्या एखाद्या समूहाला मान्य असलेले नियम, कल्पना व मूल्ये यांचा संच. दुसरा नेमका अर्थ: सोडवून दाखवलेले नमुना-उदाहरण. हा दुसरा अर्थ अधिक खोल आहे, असे त्यांनीच नमूद केले. म्हणजे शब्द फिरून 'देवः देवौ देवाः'च्या जवळ आला.

मात्र एक फरक आहे. 'मेघ' चालवताना 'देव'ची नक्कल केली तरी भागते. विज्ञानात नक्कल पुरत नाही, तेथे साम्य शोधावे लागते. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात एक सुंदर प्रयोग दिला आहे. दोऱ्याला लहानसा गोळा टांगा आणि एका बाजूला नेऊन सोडा. तो दुसऱ्या बाजूला जवळजवळ तितक्याच उंचीवर चढतो. आता दोऱ्याच्या वाटेत, टांगलेल्या बिंदूच्या सरळ खाली, भिंतीत एक खिळा ठोका (खिळा फार खाली नको). दोरा खिळ्याला अडतो, गोळ्याचा मार्ग बदलतो, पण उंची तीच! उतारावरून सोडलेल्या गोळ्याचेही असेच, हे गॅलिलिओने ओळखले. हायगेन्सने 1673 साली जाड, भरीव लंबकाकडे अनेक लहान लंबकांची जोडणी म्हणून पाहिले आणि पडणाऱ्या वस्तूंचा गुरुत्वमध्य पुन्हा मूळ उंचीपेक्षा वर जाऊ शकत नाही, या आधारावर ते कोडे सोडवले. डॅनियल बर्नुलीने 1738 च्या ग्रंथात टाकीच्या भोकातून उसळणाऱ्या पाण्याचे कण हायगेन्सच्या लंबकासारखेच मानले आणि पाण्याचा वेग काढला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आजच्या रूपात मांडला गेला तो त्यानंतर शंभरएक वर्षांनी. तोवर 'हे त्याच्यासारखे आहे' ही नजरच काम करीत होती.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. सापेक्षतेने अवकाश आणि काल यांविषयीची आपली समजूत मुळापासून बदलली, हे खरे. पण न्यूटनची सोडवलेली उदाहरणे त्यामुळे रद्दीत गेली नाहीत. 2023 साली चांद्रयान-3 चंद्रावर उतरले. अशा यानाच्या मार्गाच्या गणिताचा मुख्य भार न्यूटनच्याच नियमांवर असतो. उलट जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आईन्स्टाइनवाचून करता येत नाही. कोठे कोणाचे गणित पुरते, हे मोजमाप ठरवते. आपल्या सिद्धांताचा अर्थ 'वाटेल ते चालेल' असा नाही आणि विज्ञानाच्या प्रगतीवर आपला विश्वास आहे, हे कून यांनी त्याच पुरवणीत बजावले आहे. तरीही 'विज्ञानाचे पॅराडाइम बदलतच असतात, मग आमच्या गंडेदोऱ्यांनीच काय घोडे मारले?' असा युक्तिवाद ऐकू येतो. त्याला उत्तर एकच: नवा विचार मोजमापाच्या कसोटीला उतरला तरच जुन्याची जागा घेतो, केवळ वेगळा आहे म्हणून नव्हे.

जाहिरातवाल्यांना तर हा शब्द हवाच असतो. नवा साबण आणि नवी शिकवणी, दोन्हींत 'पॅराडाइम शिफ्ट'! तिथे त्याचा अर्थ 'नवीन' यापलीकडे काही नसतो.

माझे मत असे, की हा शब्द टाकून देऊ नये, पण तो सुटा वापरू नये. कोणी उच्चारला तर नम्रपणे विचारावे, "कोणत्या शास्त्रातला? चौकट या अर्थी, की नमुना या अर्थी?" उत्तर आले नाही, तर शब्द शोभेचा होता असे समजावे.

आणि शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. सोडवलेले उदाहरण फळ्यावर उतरवून 'असेच येते, पाठ करा' म्हणून आपण पुढे सरकतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. त्याऐवजी विचारावे, "हे आधीच्या कोणत्या उदाहरणासारखे आहे? कोठे वेगळे आहे?" या दोन प्रश्नांत शास्त्रज्ञाचे निम्मे शिक्षण आहे.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर खिळा ठोकून लंबक दाखवला. तिने तीनदा गोळा सोडून पाहिला. मग म्हणाली, "सर, म्हणजे हा 'देव' शब्द झाला!"

मला वाटते, तिला शब्द समजला.