काट्यावरचे वजन आणि पाळण्यातले वजन



उसाच्या काट्यावर दहा-वीस किलोंचा फरक पडला तर आपण गप्प बसत नाही. बसूही नये. पण पाळणा हलायच्या आधीच बाळाच्या वजनात जी घट येते, तिचा जाब आपण कोणाला विचारतो? आमच्या मनात हा प्रश्न आला तो एका गटसभेमुळे.

सभा संपल्यावर एक तरुण सभासद मागे थांबला. म्हणाला, "माझ्या वेळी आई मिश्री लावायची, वडील उशाशी बसून विडी ओढायचे. मला लहानपणापासून दमा. हे त्याचंच फळ का? आता जन्मभर पुरणार का?" हाच प्रश्न त्याने घरीही काढला होता. तेव्हापासून त्याची आई धड जेवत नाही. माझ्याच हातानं लेकराचं वाटोळं झालं, एवढंच म्हणत बसते.

या मायलेकरांना खरे तेच सांगितले पाहिजे. पोटातल्या बाळाला वेगळे ताट नसते. आईच्या रक्तातून येईल ते त्याला मिळते. तंबाखूतले निकोटीन वारेतून पार होऊन बाळापर्यंत जाते. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. धूम्रपान करणाऱ्या आईचे बाळ सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास हलके भरते. अशा मुलांत छातीत घरघर आणि दमा यांचे प्रमाणही जास्त आढळते. नवरा घरात ओढत असेल तर तोही धूर बायकोच्या श्वासातून बाळाकडेच जातो.

मिश्रीला कुठं धूर असतो, असे भगिनी म्हणतील. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री कोणता कायदा पकडणार?

आता त्या तरुणाची काळजी. सरासरी ही हजार जणांची असते, एकट्याची नसते. दम्यामागे घराण्याची ओढ असते, चुलीचा धूर असतो, धूळ असते आणि आपण फडात पेटवतो त्या पाचटाचा धूरही असतो. अमक्याचा दमा अमक्याच कारणाने आला, असे कोणताही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. उगवण विरळ झाली म्हणून आपण फड मोडतो का? नांग्या भरतो, खत घालतो, बांधणी करतो आणि पीक सावरतो. माणसाचेही तसेच आहे. स्वतः तंबाखूला शिवू नये, औषध नेमाने घ्यावे, जन्माच्या वेळी वजन कमी होते असे घरचे सांगत असतील तर पुढे रक्तदाब आणि साखर वेळच्या वेळी तपासावी. मागचे पुसता येत नाही. पुढचे बरेचसे आपल्या हातात आहे.

आणि आईला बोल लावू नये, हे आम्ही ठासून सांगतो. तिला मिश्रीची सवय सासरी-माहेरीच लागली. दात दुखला की लाव, पोट साफ होत नाही की लाव, भूक मारायची की लाव! बाजारातून तंबाखूची पुडी आणून देणारे हात बहुधा पुरुषाचेच होते. मग दोष एकट्या तिच्या पदरात का?

आपल्या फडातही तेच चालले आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पोटुशी बाई पहाटेच्या अंधारात थंडीत मोळ्या बांधते आणि चहाआधी मिश्री लावते, कारण भाकरीला अजून अवकाश असतो. तिने तोडलेल्या उसाची साखर आपण खातो. तिच्या बाळाचे वजन आपल्या कोणत्याच वहीत नसते.

म्हणून संचालक मंडळाकडे आमचे मागणे आहे. हंगाम सुरू होताच कोप्यांवरच्या गरोदर स्त्रियांची नोंद करावी, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी त्यांची गाठ घालून द्यावी. कारखान्याच्या आवारातल्या टपरीवर विडी-तंबाखू विकू देऊ नये. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी सरकारचा १८००-११२-३५६ हा फुकट दूरध्वनी आहे. तो गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा.

आणि सभासदांना एवढेच सांगणे की, सुनेला दिवस गेल्याचे कळेल त्याच दिवशी घरातली मिश्रीची डबी आणि विडीचे बंडल दोन्ही बाहेर काढा. पहिल्या तीन-चार महिन्यांत धूम्रपान सुटले तर बाळाचे वजन जवळपास इतर बाळांसारखेच भरते, असे आढळले आहे. म्हणजे वेळ गेलेली नसते. पण डबी टाकायला सुनेला सांगण्याआधी सासऱ्याने आणि नवऱ्याने आपला खिसा रिकामा करावा. काट्यावर जेवढे जागरूक असतो, तेवढेच घरातही राहू या.