उंच जीप, ठेंगणा कायदा

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या घाटवाटांकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये अलीकडे एक दृश्य नित्याचे झाले आहे. चारही चाकांना गती देणारी गाडी, तिच्याखाली मूळ चाकांपेक्षा थोराड टायर आणि कंपनीने ठरविले त्याहून चार बोटे उंच उचललेला सांगाडा. महिंद्राच्या नव्या थारने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि मारुतीच्या जिम्नीने जून २०२३ मध्ये बाजारात पाऊल ठेवल्यापासून हा शौक मूठभर हौशी मंडळींपुरता उरलेला नाही. शहरोशहरी ‘लिफ्ट किट’ बसवून देणारी गॅरेजे उभी राहिली आहेत. या बदलांना कायद्याची मान्यता नाही, याची कल्पना मात्र गाडीमालकांपैकी अनेकांना नसते. आणि ज्यांना असते ते तिकडे काणाडोळा करतात.

हा केवळ शौकिनांचा प्रश्न नव्हे, हे केरळमधील दोन घटनांवरून ध्यानी येईल. ऑगस्ट २०१८ मधील महापुरात साध्या गाड्या जेथे पोहोचू शकत नव्हत्या, तेथे अशाच उंच केलेल्या जीपगाड्या घेऊन हौशी चालक मदतकार्यात उतरले. त्यांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधूनच आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय फिरविला. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येणार नाही आणि राज्याचे नियम केंद्रीय कायद्याच्या वरचढ ठरू शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्या प्रकारच्या गाड्यांनी माणसे वाचविली, त्याच कायद्याच्या चौकटीबाहेर ठरल्या. या विसंगतीकडे भावनेने नव्हे, तर यंत्रशास्त्राच्या आणि कायद्याच्या अंगाने पाहावयास हवे.

प्रथम यंत्राविषयी. गाडी उंच केली की ती खडकांवरून अलगद जाते, हा समज अर्धाच खरा आहे. लांब स्प्रिंगा आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर बसविले की उचलला जातो तो वरचा सांगाडा. मागच्या अखंड ॲक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शिअलचा गोळा होता तेथेच राहतो. तो उचलण्याचे काम फक्त टायर करतात. थारच्या २४५/७५ आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २८५/७५ आर १६ बसविले, तर तो सुमारे ८३४ मिलिमीटर होतो. व्यासात ६० मिलिमीटरची भर पडली, तरी ॲक्सल वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे अवघा ३० मिलिमीटर. स्प्रिंगांनी आणखी ५० मिलिमीटर मिळविले, तर सांगाडा ८० मिलिमीटरने उंच होतो. पण खडकावर आपटणारा भाग ३० मिलिमीटरच वर गेलेला असतो.

या तीस मिलिमीटरसाठी द्यावी लागणारी किंमत मोठी आहे. चाकाचा घेर जवळपास आठ टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर फसतो. काटा शंभरावर असताना गाडीचा वेग प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा सुमारे आठ टक्के अधिक असतो. मीटर मुळात वेग किंचित वाढवून दाखवितात. सुरक्षिततेची ती सवलत येथे संपून जाते. ब्रेकच्या चकत्या त्याच, पण चाक मोठे आणि जड झाल्याने तेवढ्याच दाबात रस्त्यावर मिळणारा रोध कमी होतो. गिअरचे प्रमाण बदलल्यागत होऊन चढावर इंजिन दमते, म्हणजे ज्या कामासाठी हा खटाटोप केला त्याच कामात ते कमी पडते. थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकांना फिरविणाऱ्या दांड्यांचा कोन वाढून त्यांचे सांधे लवकर झिजतात. जिम्नीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत सांगाडा उचलला की ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंगची भूमिती बिघडते. स्वस्तात काम उरकणारे गॅरेज हे हिशेब क्वचितच मांडते.

सर्वांत गंभीर मुद्दा आहे तो गाडी उलटण्याचा. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडीच्या स्थैर्याचा एक ठोकळ अंक मिळतो. अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षाश्रेणीसाठी तो वापरला जातो. उदाहरणादाखल चाकांमधील अंतर १५२० आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरला, तर हा अंक १.०९ येतो. गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटरने वर गेला की तो ०.९८ पर्यंत घसरतो. हा दहा टक्क्यांचा फरक डोंगरात ताशी दहा किलोमीटरने जाताना जाणवणार नाही. पण द्रुतगती महामार्गावर समोर अचानक गुरे आली आणि चालकाने स्टिअरिंग झटक्याने वळविले, तर तोच जीवघेणा ठरू शकतो. घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही मूळ उंची आणि मूळ टायर गृहीत धरूनच जुळविलेली असते. शिवाय वर गेलेला बंपर धडकेच्या वेळी समोरच्या लहान मोटारीच्या संरक्षक सांगाड्यावरून जातो आणि उंचावलेले दिवे समोरच्याचे डोळे दिपवितात. हौस एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. मात्र नोंदणीपत्रात इंजिन आणि चासीचे क्रमांक, इंधन, रंग, आसने असतात. सस्पेन्शनच्या उंचीचा रकाना नसतो. त्यामुळे काय विसंगत आणि काय नाही, हे रस्त्यावरील निरीक्षकाच्या मर्जीवर सोपविले जाते. एकाच गाडीला एका जिल्ह्यात दंड होतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात कोणी हटकतही नाही. अपघात घडल्यावर विमा कंपनी न कळविलेल्या बदलावर बोट ठेवते, तेव्हा मालकाला जाग येते.

यावर सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक, या दोन टोकांपलीकडे मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांनी ठरावीक मिलिमीटरपर्यंतची वाढ मान्य केली असून त्यापुढील बदलाला अभियंत्याचे प्रमाणपत्र अनिवार्य केले आहे. जर्मनीत बदल केलेली गाडी तपासणी संस्थेकडून मंजूर करून कागदपत्रांत तशी नोंद घ्यावी लागते. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनेच केंद्र सरकारला अशा बदलांसाठी निकष, मंजुरी आणि अटी ठरविण्याचा अधिकार दिला आहे. सीएनजी संचांना चाचणी करून मंजुरी देण्याची पद्धत देशात रुळलेली आहे. पुण्याची ‘एआरएआय’सारखी चाचणी संस्था हाताशी असताना लिफ्ट किटला तोच न्याय लावणे अशक्य नाही. उंचीची कमाल मर्यादा, ब्रेक आणि स्थैर्याची चाचणी, मीटरची दुरुस्ती, नोंदणीपत्रावर शिक्का आणि विमा कंपनीला सूचना, एवढे पाच मुद्दे ठरले तरी बराच गोंधळ निवळेल.

तोवर मालकांनी एवढे ओळखावे की, घाटातील बहुतेक चिखलवाटांसाठी कंपनीने दिलेली उंची, चांगल्या नक्षीचे त्याच मापाचे टायर आणि चालकाचे कौशल्य पुरेसे असते. आणि सरकारनेही ओळखावे की, बंदी कागदावर ठेवून गॅरेजे रस्त्यावर चालू देणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. केरळच्या पुरात उतरलेल्या त्या गाड्यांना पुढच्या आपत्तीत पुन्हा हाक मारावी लागेल. त्या वेळी त्या तपासून, नोंदवून, भरवशाच्या झालेल्या असाव्यात, एवढी तजवीज आजच करता येण्याजोगी आहे.