माहुलचा पत्ता

घरांचे उद्दिष्ट कागदावर पुरे करणे महापालिकांना छान जमते. मुंबईतले माहुल पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना इथल्या २२५ चौरस फुटांच्या घरांत धाडले. शेजारीच तेलशुद्धीकरण कारखाने. खिडकी उघडली की वास घरात. पोरांची शाळा, बायकांची धुणीभांड्याची कामे मागे राहिली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या स्थलांतराला चाप लावला. पुढे हीच घरे पालिकेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर त्यांनीही फारसा उत्साह दाखवला नाही. (त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?) म्हणून या अंकात किती घरे बांधली यापेक्षा ती कुठे बांधली, तिथून कामावर जायला बस मिळते का, हे आम्ही विचारले आहे.