रक्ताची नळी पुढे कुठे जाते?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर... उपनगरांत आता नाक्यानाक्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे. अब्बांची शुगर असो, अम्मींचे थायरॉइड असो की मुलाचा न उतरणारा ताप. सुई टोचली जाते, नळी भरते आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्या सुईचे, नळीचे, कापसाचे पुढे काय होते, हे मात्र आपण विचारत नाही.

विचारायला हवे. २००९ पासून मुंबईतील दवाखान्यांचा आणि लॅबचा कचरा गोवंडी-देवनारच्या प्रकल्पात जाळला जाऊ लागला. शेजारीच शिवाजीनगर, बैंगनवाडीची दाट वस्ती. धुराने हैराण झालेल्या रहिवाशांची संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. पण जागा बदलली म्हणून धूर नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या दारात जातो. खरा उपाय म्हणजे जाळावे लागणारे कमी करणे.

त्याची सुरुवात लॅबमध्येच होते. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो, तो जाळतात. प्लास्टिकच्या नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. त्या वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येतात. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, तर काच निळ्या खोक्यात. घाईत लाल पिशवीतले पिवळ्या पिशवीत पडले, की पुन्हा उपयोगी पडणारे प्लास्टिक भट्टीत जाते. त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी घातक विषे तयार होऊ शकतात. हे वर्गीकरण नीट झाले, तर धूर तिथेच कमी होतो.

दुसरा खर्च विजेचा. मोठ्या लॅबमध्ये नमुने उणे ८० अंशांवर ठेवणारे फ्रीजर रात्रंदिवस चालतात. जिथे चालण्यासारखे आहे तिथे तापमान उणे ७० केले, तर वीज सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकते. बर्फ साचू न देणे, जुने नमुने वेळेवर काढणे, हेही मोलाचे.

आणि आपण? सर्वांत कमी कचरा न केलेल्या अनावश्यक तपासणीचा होतो. स्वस्त मिळते म्हणून सत्तर-ऐंशी तपासण्यांचे पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती दरमहा करण्यात अर्थ नाही. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, म्हणजे डॉक्टर बदलले तरी तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. डॉक्टरांनी आणखी तपासणी सुचवली, तर आधीच्याच नमुन्यावर होईल का, हे लॅबला विचारा. छापील रिपोर्ट नको असेल तर तसे सांगा.

घरात इन्सुलिन घेणारे असतील, तर सुया आणि शुगर तपासण्याच्या टोचण्या साध्या कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असे लिहा आणि कचरा नेणाऱ्या भावाच्या हाती वेगळी द्या. त्याच्या बोटाला टोचली, तर तपासणीच्या रांगेत त्यालाच उभे राहावे लागेल.

पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल, तेव्हा कोपऱ्यातल्या पिशव्यांच्या रंगांकडे नजर टाका. मिसळलेले दिसले तर अदबीने विचारा. ग्राहक विचारू लागले, की दुकान सुधारते, लॅबही सुधारेल.