नायजरची बाजरी आणि बाजाराचे पावित्र्य

आफ्रिकेतील उपासमारीची बातमी आली की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी तीन कारणे तोंडपाठ म्हणून दाखवतात : पाऊस पडत नाही, टोळधाड येते आणि माणसे फार मुले जन्माला घालतात. या तिन्ही कारणांची सोय अशी की त्यांत कोणीच गुन्हेगार सापडत नाही. पाऊस आभाळातला, टोळ वाळवंटातले आणि मुले गरिबांची! पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात २००५ साली जे घडले ते नीट तपासले, तर गुन्हेगार सापडतो. आणि तो शेतात नव्हे, बाजारात व अर्थखात्यात सापडतो.

नायजर हा बाजरी खाणाऱ्यांचा देश. आपली बाजरीही मूळची त्याच साहेल पट्ट्यातली. २००४ साली तेथे पाऊस लवकर थांबला, टोळही आले, हे खरे. परंतु त्या वर्षीचे तृणधान्याचे पीक आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ११ टक्क्यांनीच कमी होते. तूट होती सुमारे २ लाख २३ हजार टनांची. हे संकट होते, प्रलय नव्हता. तरीही २००५ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संघटनेला साठ हजारांहून अधिक कुपोषित मुलांवर उपचार करावे लागले. आणि ही मुले मोठ्या संख्येने कोठे आढळली? मारादी प्रांतात; देशाचे धान्याचे कोठार म्हणून ज्याची ख्याती, त्याच प्रांतात!

कोठाराच्या दाराशी मूल उपाशी कसे राहते? मारादीचा लहान शेतकरी ऑक्टोबरात खळे होताच बाजरी विकतो, कारण डोक्यावर देणे असते; भाव त्या वेळी पडलेले असतात. तीच बाजरी जून-जुलैत, पेरणी-खुरपणीच्या दिवसांत, त्याला चढ्या भावाने विकत घ्यावी लागते. दिढी-सवाईचा व्यवहार ज्यांनी आपल्या खेड्यांत पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. त्या वर्षी नायजेरियात भाव चढे होते, म्हणून एरवी तेथून येणारे धान्य आले नाही. पशुपालकांची गत त्याहून वाईट. चारा संपला, जनावरे विक्रीला निघाली, त्यांचे भाव कोसळले. शेळी होती, बाजरीही होती. शेळीच्या किमतीत बाजरी येत नव्हती.

सरकारने काय केले? नाणेनिधीच्या सल्ल्याने ‘सुधारणा’ करणाऱ्या या सरकारने वर्षाच्या आरंभी दूध व पिठासारख्या जिनसांवर १९ टक्के मूल्यवर्धित कर बसवला. मार्चमध्ये राजधानी नियामेत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे माघार घेतली. मग बाजरीचे शंभर किलोचे पोते सवलतीने १० हजार फ्रँकला विकायला काढले. ज्याच्या गाठीला शंभर फ्रँकही नाहीत, त्याला या सवलतीचा उपयोग काय? जूनमध्ये मोफत धान्याच्या मागणीसाठी मोर्चा निघाला. मोफत वाटपाने बाजार बिघडेल, असे उत्तर मिळाले, आणि मदत देणाऱ्या राष्ट्रांनीही तोच सूर धरला. बाजार बिघडू नये म्हणून मुलांनी थांबावे! मोफत वाटपाला जुलै-ऑगस्ट उजाडला. ऑगस्टमध्येही राष्ट्राध्यक्ष ममादू तांजा बीबीसीला सांगत होते की ही सारी ओरड विरोधकांची आणि मदत-संस्थांची.

सगळा दोष पॅरिस-वॉशिंग्टनच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय आपल्या चळवळीलाही आहे. तांजा निवडून आलेले होते आणि साठेबाज व्यापारी तेथलेच होते, हे विसरून चालणार नाही. पण या साठेबाजाला वेसण घालण्याचे साधन कोणी काढून घेतले, हेही विचारलेच पाहिजे. नायजरने १९७० साली स्वतःचे सरकारी धान्य-मंडळ स्थापन केले होते. १९८० च्या दशकात कर्जाच्या अटींखाली त्याची व्यापारातील मक्तेदारी गेली. २००५ साली मंडळ होते. तुटीला पुरेल एवढा साठा नव्हता.

१९७२-७३ चे अवर्षण साहेलवरही कोसळले होते आणि महाराष्ट्रावरही. आपल्याकडे लोक झगडले, दुष्काळी कामे निघाली, मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. मजुरी तुटपुंजी होती, सुकडीवर दिवस काढावे लागले. परंतु हातात पैसा आला म्हणून धान्य गावापर्यंत पोचले. नायजरमध्ये मदतीच्या धान्याचा काळाबाजार झाला, आणि एप्रिल १९७४ मध्ये हमानी दिओरी यांचे सरकार लष्कराने उलथले.

जुलै २०२३ मध्ये भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली केली. देशातील भाव आवरण्याचा हा अधिकार आपण सोडू नये. पण भारताने धान्य राखले तर दूरदृष्टी आणि नायजरने राखले तर बाजारात ढवळाढवळ, हा न्याय कोठला? सुगीत हमीभावाने खरेदी, गावोगावी कोठारे, आणि तुटीच्या महिन्यांत नड असेल त्याला फुकट धान्य, एवढी मागणी करायला क्रांती लागत नाही.

पैसा नाही, असे सांगितले जाते. आर्ली येथील खाणींतून १९७१ पासून युरेनियम निघत आले आणि ते फ्रान्सच्या अणुवीज केंद्रांना पोचत होते. जुलै २०२३ मध्ये सत्ता बळकावलेल्या लष्करी राजवटीने जून २०२५ मध्ये तेथील सोमाईर या खाण कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. आपल्यातील काहींनी लगेच टाळ्या वाजवल्या. मी त्यांना एवढेच विचारतो : येत्या ऑक्टोबरात मारादीच्या खळ्यावर व्यापाऱ्याच्या आधी सरकारी खरेदीदार उभा राहणार आहे काय?