बारा विजयांनंतरचं वर्ष: वेस्ट पॉइंटच्या फुटबॉल हंगामाचा माझा अंदाज

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. २९ ऑगस्टला सुरू होणाऱ्या २०२५ च्या हंगामात वेस्ट पॉइंटचा 'आर्मी' संघ बारापैकी आठ सामने जिंकेल आणि चार हरेल. त्या चारांत १३ डिसेंबरचा बाल्टिमोरचा सामनाही असेल, म्हणजे नेव्ही जिंकेल. हिरव्या वर्दीतल्या माणसाने हे लिहिणं सोपं नाही. त्यात माझा नौदलातला एक कोर्समेट हा लेख वाचून वर्षभर मला छळणार, हेही ठाऊक आहे. पण ॲप्रिसिएशन करताना शत्रूचं बळ आपल्या इच्छेप्रमाणे लिहायचं नसतं, हे खडकवासल्यापासून शिकत आलोय.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर मराठीत का लिहायचं, असं काही जण विचारतील. माझ्या सध्याच्या युनिटमधल्या कोल्हापूरच्या हवालदाराने तर मोबाइलवर पाच मिनिटं खेळ पाहून विचारलं, "साहेब, बॉल हातात घिऊन पळत्यात आन् ह्याला फुटबॉल म्हणत्यात?" पेठेपेठेच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडताना बघत वाढलेल्या माणसाचा प्रश्न रास्तच आहे. पण वर्दीतल्या आणि वर्दीतून निवृत्त झालेल्या वाचकांनी या हंगामाकडे बघावं, असं मला वाटतं. जिथे पैशाने सगळं विकत घेता येतं अशा मैदानात, पैसे देऊ न शकणारा संघ किती तग धरतो, याची ही परीक्षा आहे.

गेल्या वर्षी काय झालं

२०२४ मध्ये आर्मीने बारा सामने जिंकले, दोन हरले. बारा विजय ही त्यांच्या इतिहासातली सर्वोच्च संख्या. त्याच वर्षी ते 'अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स' या गटात सामील झाले आणि पहिल्याच फटक्यात अंतिम सामन्यात ट्युलेनला ३५-१४ हरवून गटविजेते ठरले. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने चेंडू घेऊन पळत ३२ टचडाउन केले आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो सहावा आला. आक्रमणाच्या आघाडीच्या फळीला देशातल्या सर्वोत्तम फळीचा जो मूर पुरस्कार मिळाला. मोठमोठ्या विद्यापीठांच्या दीडशे-दीडशे किलोच्या पोरांना मागे टाकून हा पुरस्कार कॅडेटांनी घेतला, हे लक्षात घ्या.

दोन पराभवांपैकी एक नोत्र दामकडून, ४९-१४. दुसरा नेव्हीकडून, ३१-१३. म्हणजे इतिहासातलं सर्वोत्तम वर्ष, आणि जो सामना जिंकायचा तोच हातचा गेला. वेस्ट पॉइंटमध्ये त्या वर्षाची आठवण काढताना बारा विजयांआधी कशाची आठवण निघत असेल, हे आपल्याला सांगायला नको. आपण स्क्वॉड्रनची क्रॉसकंट्री हरलेली माणसं आहोत.

हे खेळतात कसं

खेळ थोडक्यात असा. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू समोरच्याकडे. आजकाल बहुतेक संघ चेंडू लांब फेकतात. आर्मी आणि नेव्हीचा पाया मात्र जुना आहे, 'ऑप्शन'चा. चेंडू जमिनीवरून, पळत न्यायचा.

त्याची गंमत अशी, की बचावातल्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडतात. त्याला कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे बघतो. तो मधल्या धावपटूवर झेपावला, तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा. तो क्वार्टरबॅकवर आला, तर चेंडू बाहेर पळणाऱ्याकडे टाकायचा. म्हणजे त्याने काहीही केलं तरी ते चूक ठरतं. आणि ज्याला अडवायला माणूस खर्च केला नाही, तो वाचलेला माणूस दुसरीकडे वापरायचा. कमी वजनाच्या, कमी संख्येच्या संघाला हे परवडतं. आमच्या हवालदाराला हे समजावलं तर तो म्हणाला, "म्हंजे मोकळ्या गड्यालाच पेचात धरायचा. मग बराय." गनिमी काव्याच्या मुलखातल्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज पडली नाही.

यात एक दुसरा फायदाही आहे. पळत खेळलं की घड्याळ चालू राहतं. आर्मी एकेका आक्रमणात आठ-आठ, नऊ-नऊ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवते. समोरचा तगडा संघ बाकावर बसून राहतो आणि त्याची लय जाते. पण यासाठी लागते पराकोटीची शिस्त. एक जण अर्धा सेकंद आधी हलला तर पाच यार्डांचा दंड, आणि पाच यार्ड मागे गेलेला ऑप्शन संघ म्हणजे दारूगोळा संपलेली चौकी.

आता बाजार बघा

६ जूनला अमेरिकेतल्या न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. नाव आणि चेहरा वापरू देण्याचे जाहिरातदारांचे पैसे २०२१ पासून मिळतच होते. त्यात 'ट्रान्सफर पोर्टल'ची सोय, म्हणजे दरवर्षी विद्यापीठ बदलता येतं. ट्युलेनचंच पाहा. गेल्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक डेरियन मेन्सा एक हंगाम गाजवून मोठ्या करारावर ड्यूककडे गेला. धावपटू मखाई ह्यूज ओरेगॉनला गेला. ट्युलेनने मग दुसरीकडून माणसं आणली. हेच चक्र सगळीकडे चालू आहे.

अकादमीतला कॅडेट यातलं काहीच करू शकत नाही. तो सेवेत आहे, त्याला सरकारी वेतन मिळतं, आपलं नाव तो विकू शकत नाही. इतर विद्यापीठांत पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. अकादमीत चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडायचं असतं. बाहेर पडल्यावर किमान पाच वर्षं प्रत्यक्ष सेवा. आणि आघाडीच्या फळीतल्या ज्या मुलांना खेळासाठी वजन वाढवायला लावलं, त्यांना कमिशनपूर्वी ते उतरवून सैन्याच्या मापात बसायचं असतं. कसलेल्या क्रीडा एजंटासमोर ही ऑफर ठेवा, तो हसेल.

एक दरवाजा मात्र उघडा आहे. पहिली दोन वर्षं कॅडेट कोणतंही देणं न लागता सोडून जाऊ शकतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याला बांधिलकी स्वीकारावी लागते, त्यानंतर तो सैन्याचा. या दरवाज्यातून यंदा केन्ये उडो गेला. गेल्या हंगामात हजाराहून जास्त यार्ड पळालेला हा धावपटू दुसरं वर्ष संपायच्या आत ॲरिझोना स्टेटला गेला.

यावर आपल्याकडच्या काही ज्येष्ठांची प्रतिक्रिया मी ऐकली आहे: "पळपुटा." मला हे मान्य नाही. दरवाजा ठेवलाय तो याचसाठी. वीस वर्षांच्या मुलाला समोर आयुष्य बदलणारी रक्कम दिसते आहे आणि नियमाने त्याला जाण्याची मुभा आहे. त्याने सही केली आणि मग माघार घेतली असती तर गोष्ट वेगळी. मला त्या मुलापेक्षा उरलेल्यांमध्ये जास्त रस आहे. त्यांनाही तोच पोर्टल दिसत होता. त्यांच्यातही फोन आलेले असणार. तिसऱ्या वर्षाची बांधिलकी पूर्वी औपचारिकता होती. आता तिला किंमत आहे, कारण ती स्वीकारताना काय सोडतोय हे डॉलरमध्ये मोजता येतं.

हंगामाचा हिशेब

डेली आता मैदानावर नाही, मे महिन्यात तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच्या जागी ड्वेन कोलमन. गेल्या वर्षी एअर फोर्सविरुद्ध डेली नसताना यानेच संघ चालवला आणि २०-३ जिंकून दिलं, म्हणजे गोळीबाराखाली आलेला माणूस आहे. पण एक सामना निभावणं आणि बारा सामने अंगावर मार खात चालवणं यात फरक आहे. नोआ शॉर्ट हा हरहुन्नरी धावपटू आणि सेंटर ब्रेडी स्मॉल परत आहेत. बचावात लाइनबॅकर अँडन थॉमस आहे. २०१४ पासून संघ सांभाळणारा प्रशिक्षक जेफ मंकन आहेच. इतकी वर्षं एकच सीओ असलेलं युनिट कसं चालतं, ते आपल्याला माहीत आहे.

पहिला सामना टार्लटन स्टेटशी, घरच्या मिची स्टेडियमवर. खालच्या विभागातला हा संघ सोपा नाही, तरी आर्मी जिंकेल. ६ सप्टेंबरला कॅन्सस स्टेटच्या मैदानावर हरेल. तिथे वजन आणि वेग दोन्ही जास्त आहे. २० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सास आणि लगेच २५ ला, पाचच दिवसांनी, ईस्ट कॅरोलायनात सामना. हा आठवडा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तरी दोन्ही जिंकतील असं धरतो. १८ ऑक्टोबरला ट्युलेनकडे हार. १ नोव्हेंबरला एअर फोर्स, कोलोरॅडोत, सुमारे ६,६०० फुटांवर. टीव्हीवाले त्या उंचीचं फार कौतुक करतात. लेह-सियाचीन केलेल्या वाचकांनी हसू आवरावं. एअर फोर्सचं गेलं वर्ष ५-७ असं गेलं, पण शेवटचे चार सामने त्यांनी जिंकले होते. आर्मी थोडक्यात जिंकेल. शेवटी सॅन अँटोनियोला दमलेल्या अवस्थेत आणखी एक हार. बाकी सगळे विजय.

आणि नेव्ही. गेल्या वर्षी दहा विजय, त्यात शेवटच्या बोल सामन्यात ओक्लाहोमासारख्या बड्या संघावर २१-२०. आर्मीविरुद्ध दोन टचडाउन स्वतः पळून आणि दोन फेकून करणारा क्वार्टरबॅक ब्लेक होर्व्हाथ परत येतोय. सोबत एली हायडनराइक आणि अॅलेक्स टेट्झा. बचावात लँडन रॉबिन्सन, ज्याने त्या सामन्यात चेंडू लाथाडण्याचं सोंग आणून स्वतःच तो घेऊन धाव ठोकली. वेळापत्रकही त्यांना अनुकूल आहे. नोत्र दाम आणि मेम्फिस या दोन परीक्षा सोडल्या तर मला त्यांचा दुसरा पराभव कुठे दिसत नाही. गटाच्या अंतिम सामन्यात ट्युलेन विरुद्ध नेव्ही, आणि तिन्ही अकादमींमधली कमांडर-इन-चीफ्स ट्रॉफी ॲनापोलिसमध्येच राहील. १३ डिसेंबरचा माझा आकडा: नेव्ही २०, आर्मी १७.

मग त्याचं एवढं काय

हा सामना १८९० मध्ये सुरू झाला. त्याच्या मागे लागलेला कॅडेट डेनिस मिची आठ वर्षांनी क्युबात लढताना मारला गेला. मिची स्टेडियम त्याच्या नावाचं. पहिल्या महायुद्धानंतर सुपरिंटेंडेंट झालेल्या मॅकआर्थरने तिथे प्रत्येक कॅडेटला खेळ सक्तीचा केला. आपल्या अकादमीतही एकही संध्याकाळ मैदानाशिवाय जात नव्हती, ते याच विचारातून. फरक एवढाच, की आपण तिन्ही दलांना एकाच छपराखाली वाढवलं. त्यामुळे आपल्याकडे आर्मी-नेव्ही वैर नाही. स्क्वॉड्रनचं वैर आहे, आणि ते पेन्शनीनंतरही जात नाही.

खेळातल्या निकालावरून युद्धाचा अंदाज बांधू नये, हे मला मान्य आहे. पण पगारी संघांच्या रांगेत वर्दीतला संघ उभा राहू शकतो का, हा प्रश्न आपलाही आहे. ड्युरँडमध्ये आपल्या सेनादलांचे संघ आयएसएलच्या क्लबांसमोर उतरतात. सर्व्हिसेसने मार्च २०२४ मध्ये युपियाला गोव्याला १-० हरवून सातव्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा किती मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं? ज्यांच्या जाण्याची भीती नसते अशा माणसांचा संघ वर्षानुवर्षं एकत्र घडवता येतो. तोच त्यांचा एकमेव फायदा, आणि बाजार तापत जाईल तसा तो वाढत जाईल, असं माझं मत आहे. यंदा आर्मी बारा जिंकणार नाही. पण शेजारचे संघ दरवर्षी नव्याने जमवावे लागत असताना हे आठ विजय कुठून आले, हे बघण्यासारखं असेल.

आर्मी-नेव्ही सामना आपल्या वेळेनुसार १३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे रविवारी पहाटे दीड वाजता सुरू होईल. संपल्यावर दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या, मग जिंकलेल्यांच्या अकादमीचं गीत एकत्र उभं राहून ऐकतात, तेवढं तरी बघाच. नेव्हीतल्या वाचकांनी आपापले आकडे आत्ताच प्रतिक्रियेत लिहून ठेवावेत, निकालानंतर आलेले अंदाज ग्राह्य धरले जाणार नाहीत. माझ्या कोर्समेटशी रमच्या बाटलीची पैज लागली आहे. त्याने आर्मी जिंकेल असं लिहून दिलंय, मी नेव्ही. दोघांनाही हरायचं आहे.